नखांच्या वेगानं

आमच्या पुऱ्यात घराघराचा पाण्याचा दोर ओळखू येतो. आमचा अंबाडीचा, जागोजागी गाठी पडलेला, आईच्या खांद्यावर घासून काळा झालेला. शेजारच्यांचा काथ्याचा, हाताला टोचणारा. आणि रंगूमायचा दोर कोरा करकरीत. रंगूमाय पुऱ्यातली सगळ्यात म्हातारी बाई. तिनं तो दोर वळून खुंटीला टांगला होता, पण एकदाही भिजवला नव्हता. म्हणायची, हा आपल्या विहिरीचा दोर आहे, गावच्या विहिरीत सोडायचा नाही.

मी अंजना माणिकराव इंगळे, यंदा दहावीत गेले. शाळेत सगळे मला शेषराव काकाबद्दल विचारतात आणि माझं उत्तर ऐकायच्या आधीच आपापसात ठरवून टाकतात की तो मुंबईला पळून गेला. म्हणून मी हे लिहिते आहे. मी तिथं होते. दिवा माझ्या हातात होता.

शेलूबाजारहून जीपनं फाट्यावर उतरायचं आणि टेकाड चढून चालत यायचं, तिथं आमचं गाव. गेल्या साली पाऊस आलाच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. रेशनवर लाल मिलो, परदेशी ज्वारी, मिळायची, तिच्या भाकरी खाऊन सगळे कंटाळले होते. गावच्या विहिरीवर कायद्यानं सगळ्यांचा हक्क, पण रीत अशी की आधी गाव भरणार, मग आमचा बौद्धपुरा. आमची पाळी येईपर्यंत बादलीत गाळच यायचा. शेवटी विहारात बैठक झाली आणि ठरलं की आपली विहीर आपण खोदायची. बाबांनी वावराचा कोपरा दिला. कोणीतरी म्हणालं, हातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्याला बोलवू. ते कोणालाच पटलं नाही. धम्म घेतला तेव्हा हे सगळं सोडलं, आता पाण्यासाठी परत धरायचं का? त्या कोपऱ्यातली जागा आम्हीच ठरवली, उताराची.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. रस्त्याच्या कामावर सुरुंगाचे बार लावायला शिकलेला, म्हणून विहिरीचा सगळा कारभार त्याच्याकडे. लग्न व्हायचं होतं. विचारलं की म्हणायचा, पाणी नसलेल्या पुऱ्यात पोरगी कोण देईल, आधी विहीर.

चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात मी पहिल्यांदा भाषण केलं. दोन वाक्यं झाली आणि मला कळलं की मला हे येतं. अगदी मस्त येतं. विषय घेतला पृथ्वीचा. आमच्या जगदेव सरांनी एका मासिकात वाचून वर्गात सांगितलं होतं की सगळी जमीन एके काळी एकसंध होती, मग तडकली, आणि आपला तुकडा आफ्रिकेपासून सुटून समुद्रातून उत्तरेला निघाला. वाटेतला समुद्र बुजला, हिमालय वर आला. मी घरून मिलोची भाकर नेली होती. ती सगळ्यांसमोर धरली आणि मधून तोडली. ही आफ्रिका, हा आपला तुकडा, पाहा कडा कशा जुळतात. मिलोची भाकर तव्यावरच तडकते, त्यामुळे प्रयोग झकास झाला.

काका पुढेच बसला होता. "मंग आपून आता कोठी चाललो म्हनतं?"

"उत्तरेला. अजून चालतोच आहोत."

"दिल्लीले? बिनटिकिटाचं?"

सगळा पुरा हसला. मी सांगितलं की वेग फार थोडा आहे, आपली नखं वाढतात तेवढाच. काकानं मान डोलावली, आफ्रिका उचलली आणि तोंडात टाकली. पुढच्या रविवारी ओट्यावर बसून ब्लेडनं नखं काढताना मला हाक मारून म्हणाला, "अंजे, पाह्य, भारत थोडा मांगं घेतला."

भाषणाची बातमी गावात गेली. रामराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, रोज विहिरीवरून वावरात जाणारे. ते सायकलवरून न उतरता विचारायचे, "काय गा शेषराव, लागला का समुद्र?" काका खालून ओरडायचा की लागला की पहिली बादली तुमच्या घरी पाठवतो.

सुट्टी लागल्यावर काकानं मला दिव्याचं काम दिलं. दुपारी जेवणाच्या वेळी बार उडवायचे. बार उडाला की विहिरीत धूर आणि खराब हवा कोंडून राहते, तेव्हा एकदम उतरायचं नाही. आधी दोराला चिमणी बांधून पेटती खाली सोडायची. साधी टिनाची चिमणी, काच नसलेली, तारेच्या पिंजऱ्यात बसवलेली. ज्योत सरळ उभी राहिली तर हवा चांगली. बारीक झाली की थांबायचं. मी वरून पाहून "सरळ" म्हटलं की काका चौघांनी फिरवायच्या लाकडी यारीच्या नाड्याला, जाड दोराला, बांधलेल्या आडव्या फळीवर बसून उतरायचा. तळाला पोचला की पहिलं काम दिवा फुंकायचा, कारण घासलेटही रेशनवर, आणि माझा दोर दोनदा ओढायचा. दोन झटके म्हणजे पोचलो, दिवा वर घे. तीन झटके म्हणजे मला ओढा.

विझलेला दिवा वर आला की मला हायसं वाटायचं. दिवा विझलेला, म्हणजे काका नीट पोचला.

माती संपली, मुरूम संपला, मग काळा पाषाण लागला तो संपेचना. पहार आपटली की ठिणगी उडायची. आणि मग एक दिवस काळ्या दगडाखाली लाल मातीचा पट्टा निघाला, भाजलेल्या विटेसारखा. त्या लाल मातीत काकाला शंख सापडला.

मी इतकी नाचले की आईनं मला दरडावलं. दुसऱ्याच दिवशी शेलूबाजारला जगदेव सरांच्या घरी गेले. सर अंगणात पेपर वाचत होते. ऐकूनच खूश झाले. म्हणाले, आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, त्याच्या दोन थरांमध्ये जुने जीव दगड होऊन राहिलेले सापडतात, कोट्यवधी वर्षांचे, तू भाग्यवान आहेस. मी रुमालाची गाठ सोडून शंख त्यांच्या हातावर ठेवला.

सरांनी तो उलटा केला. त्यांच्या तळहातावर पाणी ओघळलं. त्यांनी नखानं आत खरवडून पाहिलं, वास घेतला आणि शंख ओट्यावर ठेवून दिला.

"हा दगड नाही," ते म्हणाले. "यात जीव होता. दोन-चार दिवसांपूर्वीपर्यंत."

मग त्यांनी विचारलं की मी त्यांची चेष्टा तर करत नाही ना. मी नाही म्हटलं. ते आत गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले, त्या पाण्याच्या टंचाईत.

मी घरी काही सांगितलं नाही. मला वाटलं, सर चुकले असतील. सर चुकतात कधीकधी.

त्याच आठवड्यात ज्योत वाकली. दिवा तळाला टेकला होता, मी वाकून पाहत होते. ज्योत बारीक झाली नाही, निळी पडली नाही. ती आडवी झाली. उत्तरेकडे झुकली, जसं कोणी दक्षिणेकडून हळूहळू फुंकत असावं. चारी बाजूंनी अखंड दगड, वर आभाळाचा गोल, वाऱ्याचा पत्ता नाही. मी काकाला सांगितलं. तो म्हणाला, दगडाला भेग असेल, भेगेतून हवा येते, चांगलं लक्षण आहे, पाणी जवळ आलं. तो उतरला, दिवा फुंकला, दोन झटके दिले.

दिवा वर आला तर टिनावर पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसली. मी बोट लावून चाटलं. मीठ.

बाबांचा चेहरा उतरला. खारपाणपट्टा इथून लांब, पूर्णेच्या खोऱ्यात, अकोल्याकडे. आपल्याकडे कधी कोणाला खारं पाणी लागलेलं नाही. आणि लागलं तर विहीर वाया. पुरा परत गावच्या विहिरीवर, शेवटच्या पाळीला, आणि रामरावांना जन्मभराचा विषय. काकानं मला बाजूला घेतलं.

"कोनाले सांगू नको. आनखी एक बार लावतो. खाली गोड लागन."

तेवढ्यात रंगूमाय आली. ती रोजच यायची, यारीच्या सावलीत बसायची. पहिलं पाणी तिलाच द्यायचं असं पुऱ्यानं ठरवलं होतं, कारण गावच्या विहिरीवर ओंजळ धरून वरून कोणी ओतायची वाट पाहण्यात तिची उमर गेली होती. माझ्या हातातला दिवा तिनं घेतला, नाकाशी नेला आणि तशीच थांबली.

"दादरची हवा हाय हे," ती म्हणाली.

आमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसं फक्त आमच्या पुऱ्यात आहेत. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जातात, दर्शन झालं की मागं वाळूत उभे राहतात. रंगूमाय पहिल्याच वर्षी गेली होती. लाटेत पाय बुडवून तिनं ते पाणी चाखलंही होतं. तिला तो वास विसरणं शक्य नव्हतं. काका हसला, पण त्यानं तिच्या हातातून दिवा काढून घेतला.

शेवटचा बार उडाला तेव्हा आवाज वेगळा आला. रोज ढम्म व्हायचं आणि दगड पडायचे. या वेळी ढम्म झालं आणि मग खालून, खूप वेळ, काहीतरी सरकत मागं जात राहिलं आणि परत आलं. सगळा पुरा धावत आला. पाणी, पाणी. बायकांनी हंडे आणले. रंगूमायनं खुंटीवरचा कोरा दोर आणला होता.

धूर निवळला तसा मी दिवा सोडला. ज्योत सरळ होती. मी तीनदा पाहिलं. "सरळ," मी म्हटलं.

काका फळीवर बसला. जाताना मला म्हणाला, "आता लगन पक्कं." चार जणांनी यारी फिरवली. तो पोचला. दिवा विझला, दोन झटके आले, मी दिवा वर घेतला.

"पानी हाय का?" बाबांनी वरून विचारलं.

"हाय."

"किती?"

"लय," म्हणाला. "दादा, लय हाय."

वरती सगळे ओरडले. कोणी टाळ्या वाजवल्या. मी वाकून पाहत होते. मला काका दिसत नव्हता. खाली अंधार असायला हवा होता, तर खाली पांढुरका उजेड होता, पहाटेसारखा.

"अंजे." त्याचा आवाज आला. "इथं वारं हाय."

"वर ये," मी म्हटलं. "काका, वर ये."

"थांब. भिंत दिसून नाही राह्यली."

विहीर दोन खाटा मावतील एवढी रुंद. भिंत हात लांब केला की लागते.

"कोनती भिंत?" बाबा म्हणाले.

"एकबी नाही."

हा आवाज खालून आला नाही. दक्षिणेकडून आला. लांबून, वावराच्या पलीकडून कोणी बोलावं तसा.

मग नाडा हलला. यारीवरून सरळ खाली लोंबणारा जाड नाडा हळूहळू दक्षिणेच्या काठाला टेकला. काठावरची माती खरवडत ताणला गेला, पतंगाचा मांजा ताणतो तसा. चौघांनी धरला. आणखी दोघं आले.

"ओढा," बाबा म्हणाले.

ओढला. नाडा आला. येत राहिला. सोडला होता तेवढा आला, मग त्याहून जास्त आला, ओला, गार, आणि त्याला हिरवं शेवाळ लोंबत होतं. काठावर नाड्याचा ढीग झाला.

शेवटी फळी आली. फळीवर कोणी नव्हतं.

फळीखाली काकानं बादली अडकवली होती. ती काठोकाठ भरलेली होती. पहिलं पाणी.

रंगूमाय उठली, बादलीत ओंजळ बुडवली आणि प्याली. मी तिच्याकडे पाहत होते. तिनं घोट गिळला, तोंड वेडंवाकडं केलं नाही. मग पदरानं ओठ पुसले आणि दक्षिणेकडे तोंड करून खाली बसली.

तालुक्याहून माणसं आली. दोघं जण दोर बांधून उतरले. तळाला कोरडा काळा पाषाण, भेग नाही, भोक नाही, ओल नाही. काकाचा एक गमछासुद्धा नाही. बादलीतलं पाणी दाखवलं तर म्हणाले, मीठ कालवलेलं दिसतं. कागदावर बेपत्ता असं लिहिलं. रामराव आले होते. सायकलवरून उतरून, टोपी हातात घेऊन उभे राहिले. समुद्राचं नाव काढलं नाही.

पुरा पुन्हा गावच्या विहिरीवर जाऊ लागला.

मी का गेले ते मला नीट सांगता येत नाही. दुपार झाली की हात रिकामे वाटायचे. एक दिवस जेवणवेळेला मी चिमणी पेटवली, पिंजऱ्यात ठेवली आणि खाली सोडली. दिवा तळाला टेकला. कोरडा दगड स्वच्छ दिसत होता. ज्योत उत्तरेकडे झुकली.

मग ती विझली.

माझ्या हातातला दोर दोनदा ओढला गेला.

मी किंचाळले नाही. मी दोर ओढून घेतला आणि घरी पळाले. बाबा दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आले, मला समजवायला म्हणून. दोर त्यांनी स्वतः धरला. ज्योत विझली तेव्हा ते वाऱ्याचं काहीतरी बोलत होते. झटके आल्यावर त्यांनी दोर दोन्ही हातांनी धरला.

नाड्याला फळी बांधून सोडली. ती तळावर पडून राहिली, तिला कोणी हात लावला नाही. तिसऱ्या झटक्याची वाट पाहिली. आला नाही. आईनं भाकर फडक्यात बांधून दिली. ती दिव्याबरोबर सोडली.

फडकं वर आलं तेव्हा त्यात भाकरीचा एक तुकडा होता. मी कडेवरून ओळखला. आफ्रिका खाल्ली होती. आपला तुकडा परत पाठवला होता.

त्यानंतर रोज. पण दोर पुरेना. आज टेकला त्याच दोरानं उद्या टेकायचा नाही. दिवा तळाला जायच्या आधीच दक्षिणेच्या भिंतीकडे सरकायचा आणि मग भिंत असूनही दिसेनासा व्हायचा, दोर तिरपा ताणलेला राहायचा. बाबांना कळत नव्हतं, काका लांब चालला आहे का. मला कळत होतं. काका थांबला आहे. चाललो आहोत ते आपण. आणि वेग नखांचा नाही. मी भाषणात चुकीचं सांगितलं होतं.

आम्ही कोणाला दोर मागितला नव्हता, पण पुऱ्यातल्या बायका एकेक करून आल्या. आईचा गाठींचा दोर जोडला. शेजारचा काथ्याचा जोडला. मग बाकीच्यांचे, एक मागं ठेवून. गावच्या विहिरीवर आता पुऱ्यातले सगळे तो एकच दोर आळीपाळीनं वापरतात, आणि पाळी आणखी उशिरा येते. कोणी तक्रार केली नाही. रोज दिवा विझून वर यायचा आणि पुऱ्यातल्या बायका घरी जायच्या.

आज रंगूमाय आली. खांद्यावर तिचा कोरा दोर. बाबा नको म्हणाले. ती म्हणाली, "आपल्याच विहिरीत चालला ना मानिक? मंग."

तिनं स्वतः गाठ मारली. मी दिवा पेटवला, भाकर बांधली, सोडली. सगळे दोर गेले, आईचा, काथ्याचा, बाकीचे, शेवटी रंगूमायचा. टोक बाबांच्या मुठीत उरलं. आम्ही दोन झटक्यांची वाट पाहिली. ऊन यारीवरून खाली उतरलं. सावली विहिरीत गेली.

मग बाबांनी दोर ओढायला घेतला. ओढायला खूप वेळ लागला.

भाकर अख्खी होती. दिवा जळत होता. ज्योत अगदी सरळ होती.